जन्मदाखल्यातील दुरुस्ती : नकार द्यायचा तर लेखी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५च्या जानेवारीत राज्य सरकारने उशिरा केलेल्या जन्मनोंदींचे दाखले देणे थांबवले आणि विशेष तपास पथक नेमले. तेव्हापासून जन्मदाखल्यांविषयी जी चर्चा चालू आहे, तिच्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होत आहे. जो जन्म त्या गावी झालाच नाही तो झाल्याचे दाखवून नवी नोंद करून घेणे, हा एक प्रकार. खऱ्या जन्माची खरी नोंद वहीत असताना तिच्यात राहून गेलेली चूक दुरुस्त करून मागणे, हा सर्वस्वी दुसरा प्रकार. पहिल्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु त्या धास्तीने दुसऱ्या प्रकारच्या अर्जदारालाही खिडकीवरूनच परत पाठवण्याची जी सवय अनेक कार्यालयांना लागली आहे, ती कायद्यात बसत नाही. एका नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात माझी बरीच नोकरी झाली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १५ने या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. नोंद चुकीची आहे, किंवा ती कपटाने अथवा गैररीतीने केली गेली आहे, अशी निबंधकाची खात्री पटली, तर त्याने मूळ नोंदीला हात न लावता समासात योग्य तो शेरा लिहून ती दुरुस्त करावी किंवा रद्द करावी, शेऱ्याखाली सही करावी आणि दिनांक घालावा, असे हे कलम सांगते. म्हणजे ‘दाखला बदलता येतो का’ या प्रश्नाचे उत्तर ‘येतो’ असे आहे आणि ‘नोंद पुसता येते का’ या प्रश्नाचे उत्तर ‘येत नाही’ असे आहे. दाखला हा त्या वहीतील नोंदीचा उतारा असतो. उतारा पुन्हा देता येतो. वही मात्र एकच असते. हा भेद ज्याला कळला त्याला पुढचे बहुतेक प्रश्न सुटल्यासारखे वाटतात, आणि ज्याला कळला नाही तो एक तर सरसकट नकार देतो, नाही तर पांढरी शाई हाती घेतो.

मूळ नोंद जशीच्या तशी का राहिली पाहिजे, हे महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा समाजातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली आणि शैक्षणिक कागदांबरोबर जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्याही बाहेर आल्या. गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यातील कित्येक पाने मोडीत होती आणि ती वाचण्यासाठी मोडीचे जाणकार शोधावे लागले. कोतवालाने किंवा पाटलाने शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लेकराच्या जन्मापुढे जातीच्या रकान्यात एक शब्द लिहिला, तेव्हा त्याचा पुढे काय उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हते, आणि म्हणूनच त्या शब्दाला पुराव्याची किंमत आहे. जात पडताळणी समितीपुढे गेलेल्या कोणालाही विचारा. ज्या नोंदीवर खाडाखोड आहे, जिथे शाई निराळी किंवा अक्षर निराळे आहे, त्या नोंदीवर दक्षता पथकाचे बोट आधी जाते आणि पुष्कळदा खरा अर्जदारसुद्धा कोणा तरी उत्साही लेखनिकाच्या खाडाखोडीमुळे अडकतो. समासातल्या शेऱ्याचे तसे नसते. काय होते, काय केले, कोणत्या कागदावरून केले आणि कधी केले, हे सगळे एका पानावर वाचता येते.

गोव्यातील पोर्तुगीज अमदानीतल्या नागरी नोंदवह्याही याच रीतीच्या आहेत. जन्माची नोंद सलग मजकुरात लिहायची आणि पुढे विवाह, घटस्फोट असे जे घडेल ते समासात टिपत जायचे. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला नोंद करून घेण्यासाठी आज जी धावपळ चालते, ती या जुन्या पानांच्या भरवशावरच चालते.

आता चुका होतात कशा, ते पाहू. वर्तमानपत्रांतील चर्चेत अर्जदार म्हणजे काही तरी लपवू पाहणारा माणूस, असे चित्र उभे राहते. माझ्या खिडकीसमोर उभे राहणारे बहुतेक लोक तसे नव्हते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. मुलीला दवाखान्यात घेऊन जाणारे तिचे वडील किंवा भाऊ असतात आणि केसपेपरवर ते तिचे माहेरचे नाव सांगतात, कारण त्यांच्या तोंडी तेच असते. लग्नात नाव बदललेले असेल तर गोंधळ दुप्पट. सासरची सुनीता माहेरी मंगलच असते. जावयाचे पूर्ण नाव सांगताना सासऱ्याची थोडी गडबड होते, इंग्रजी स्पेलिंग दवाखान्यातला कारकून आपल्या अंदाजाने घालतो आणि कायमचा पत्ता म्हणून आजोळचे गाव पडते. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे पंधरा-अठरा वर्षांनी मुलाचा पासपोर्ट काढताना आईच्या नावाचा मेळ बसेना झाला, की दुरुस्तीसाठी सगळ्यांना पुन्हा आजोळच्या नगरपालिकेचे हेलपाटे घालावे लागतात. आजोळीही तोवर कोणी उरलेले नसते.

नावाची तऱ्हा आणखी वेगळी. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. बारसे त्याआधी झालेले असले तरी पत्रिकेतले नाव एक, पाळण्यात ठेवलेले दुसरे आणि शाळेत घालायचे तिसरे, असा प्रकार घरोघरी असतो. कायद्याने हे ओळखलेले आहे. नावाशिवाय नोंद करता येते. बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव घालता येते. पण एकदा घातलेले नाव आवडले नाही म्हणून बदलणे, ही चुकीची दुरुस्ती होत नाही. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात घेऊन आलेल्या तरुणांना मी हेच सांगत असे. राजपत्राने तुमचे आजचे नाव सिद्ध होते, जन्माच्या वेळी वहीत लिहिलेले नाव त्याने खोटे ठरत नाही. दोन्ही कागद एकमेकांना जोडून चालवावेत. यात कोणाचे नुकसान नाही, मात्र बँकांनी आणि महाविद्यालयांनी जन्मदाखल्यावरही नवे नाव दिसले पाहिजे असा हट्ट धरू नये. हा हट्ट नसता तर निम्मे अर्ज आलेच नसते.

जन्मतारखेच्या बाबतीत मी मुद्दाम कडक भूमिका घेतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि नोंदवहीचा मध्यरात्री. रात्री दीड वाजता झालेल्या मुलाचा वार आजीच्या हिशेबाने आदला असतो, पत्रिकाही त्या तिथीची निघते आणि मग ‘तारीख एका दिवसाने चुकली’ म्हणून अर्ज येतो. तारीख चुकलेली नसते. प्रसूतिगृहाच्या रजिस्टरात वेळ लिहिलेली असते, ती पाहावी आणि अर्ज निकाली काढावा. दुसरा अर्ज येतो तो पहिलीच्या प्रवेशासाठी. वयाची अट थोडक्यात हुकते आणि पालकांना मूल काही आठवड्यांनी मोठे करून हवे असते. तिसरा प्रकार या दोहोंहून वाईट. मुलीचे लग्न ठरलेले असते, अठरा पुरी व्हायला अवकाश असतो आणि घरचे लोक ‘शाळेतली तारीख बरोबर, पालिकेतली चूक’ असे प्रतिज्ञापत्र घेऊन येतात. इथे कागदावर वर्ष मागे सरकवणे म्हणजे बालविवाहाला शिक्का देणे. तारीख, ठिकाण आणि जन्मावेळी नोंदलेले लिंग यांची दुरुस्ती करायची तर ती प्रसूतीच्या वेळच्याच कागदावरून करावी, नंतर तयार झालेल्या कोणत्याही कागदावरून नव्हे. मग तो शाळेचा निर्गम उतारा असो की आधार कार्ड.

शाळेच्या उताऱ्याविषयी अविश्वास का, हे माझ्या पिढीला सांगायला नको. आमच्यापैकी निम्म्यांचा सरकारी वाढदिवस १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापाला तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून विरुद्ध बाजूच्या कानाला पोहोचतो का ते पाहून वर्ष ठरवायचे. त्या व्यवस्थेने हजारो मुले शाळेत आली, त्याबद्दल गुरुजींचे उपकारच आहेत. पण ती तारीख पुरावा म्हणून पालिकेच्या नोंदीवर चढवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली सिडको आणि तिच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात, कायद्याने ठेवलेल्या जन्मनोंदवहीतील नोंद शाळेच्या नोंदीपेक्षा वरचढ मानली. गंमत अशी, की बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ९४मध्ये वय ठरवताना शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला आधी पाहायचा आणि तो नसेल तर पालिकेचा, असा उलटा क्रम आहे. एकाच माणसाचे वय एका कायद्याने एका कागदावरून आणि दुसऱ्याने दुसऱ्या कागदावरून ठरत असेल, तर दोन्ही कागद जुळवून घेण्याचा मोह लोकांना होणारच.

नोकरीतील तारखांचे वाद तर सर्वश्रुत आहेत. राज्य शासनाच्या सेवेच्या सर्वसाधारण शर्तींच्या १९८१च्या नियमांत, सेवेत आल्यापासून पाच वर्षांनंतर जन्मतारीख बदलण्याचा अर्ज विचारात घ्यायचा नाही, अशी तरतूद आहे, कारण असे अर्ज निवृत्ती जवळ आली की येतात. देशाच्या लष्करप्रमुखांचे जन्मवर्ष १९५० की १९५१, हा वाद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्या पदावर पोहोचलेल्या अधिकाऱ्याच्याही कागदांत दोन वर्षे असू शकतात, हे पाहिल्यावर एखाद्या शिपायाच्या कागदांतील घोळाला लबाडीच म्हणायची घाई करू नये, एवढे माझे म्हणणे आहे. पण घोळ निस्तरायचा तो तरुणपणी.

ही निकड आता पूर्वीपेक्षा फार वाढली आहे. १९६९च्या कायद्यातील २०२३ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सर्वांकरिता जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करणारा कागद म्हणजे जन्मदाखलाच. आमच्या पिढीला एक कागद चुकला तर दुसऱ्याचा आधार होता. या मुलांना तो नाही. शिवाय नोंदी आता राष्ट्रीय पातळीवरच्या माहितीसाठ्यात जातात आणि तेथून मतदारयादी, आधार अशा इतर याद्यांना पुरवता येतात. दवाखान्यातल्या कारकुनाने घातलेले एक चुकीचे अक्षर पूर्वी एका वहीत पडून राहायचे, आता ते मुलाच्या आधी सगळीकडे पोहोचते. ज्या शासनाने दाखल्याला एवढे वजन दिले, त्याने तो वेळेत दुरुस्त करण्याची वाट रुंद केली पाहिजे. दवाखान्यातून घरी सोडताना, माहिती पाठवण्यापूर्वी, भरलेल्या नमुन्याची छापील प्रत आईच्या हाती देऊन तिची सही घेतली, तरी बहुतेक चुका उगमापाशीच थांबतील. आजोबांची नव्हे, आईची.

यापुढचा भाग नाजूक आहे. काही बदल हे चुकीची दुरुस्ती नसतात. आयुष्यातच काही घडलेले असते. मूल दत्तक गेले की सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून दत्तक आईवडिलांची नावे असलेला दाखला मिळतो. अविवाहित मातेने पित्याचे नाव न सांगताही मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात स्पष्ट केले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ साली झालेल्या कायद्याने, जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यातील आपले नाव बदलून घेण्याचा हक्क दिला. तरीही कर्नाटकातील एका अर्जदाराला, जन्मनोंदणी कायद्याच्या कलम १५मध्ये असा बदल बसत नाही, असे उत्तर निबंधकाकडून मिळाले आणि उच्च न्यायालयात जावे लागले. डिसेंबर २०२४मध्ये त्या न्यायालयाने तृतीयपंथीयांचा विशेष कायदा वरचढ ठरवला आणि कायद्यात योग्य ती दुरुस्ती होईपर्यंत जुने व नवे नाव आणि लिंग, दोन्ही दाखवणारा दाखला द्यावा, असा मार्ग काढला.

त्या मार्गाचा हेतू चांगला आहे, पण इथे माझ्यासारख्या समासाच्या भक्तालाही थांबून विचार करावा लागतो. समासातला शेरा वहीत असणे एक आणि तो शेरा दाखल्यावर छापून माणसाच्या हाती देणे दुसरे. भाड्याची खोली घेताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, मुलाच्या शाळेत, प्रत्येक टेबलावर तो कागद ठेवताना त्या माणसाने आपली सगळी कहाणी सांगत राहायची का? दत्तक मुलाच्या दाखल्यावर आपण तसे लिहीत नाही. इंग्लंडमध्ये १९४७ साली आईवडिलांची नावे नसलेला छोटा जन्मदाखला काढण्यात आला, त्यामागे विवाहबाह्य संततीला रोजच्या व्यवहारात खाली पाहावे लागू नये, ही दृष्टी होती. आपल्याकडेही दोन कागद असावेत. रोजच्या वापरासाठी आजचे तपशील दाखवणारा दाखला असावा, आणि शेऱ्यासकट संपूर्ण नोंदीची नक्कल फक्त त्या व्यक्तीला स्वतःला किंवा न्यायालयाच्या आदेशावरून मिळावी. मूळ नोंद त्यामुळे नष्ट होत नाही. दत्तक गेलेल्या मुलाला मोठेपणी आपले मूळ शोधण्याची मुभा दत्तकविधानाच्या नियमांत आहे. मूळ नोंदच नाहीशी केली तर ती मुभा पोकळ ठरेल.

नवरा-बायकोच्या भांडणात जन्मदाखला ओढण्याला मात्र माझा विरोध आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मार्च २०२५मध्ये, मुलाच्या जन्मनोंदीत एकटी पालक म्हणून केवळ आपलेच नाव असावे, ही एका आईची मागणी फेटाळली आणि तिला खर्चाचा भुर्दंडही लावला. भुर्दंड कदाचित जास्त झाला, त्या बाईची बाजू आपल्याला ठाऊक नाही. पण ज्याच्या पितृत्वाविषयी वाद नाही अशा बापाचे नाव केवळ संबंध बिघडले म्हणून काढता येणार नाही, हे तत्त्व योग्य आहे, कारण ती नोंद आईची नाही आणि बापाचीही नाही. मुलगा सज्ञान झाल्यावर रोजच्या दाखल्यावर काय दिसावे हे तो ठरवील.

जाता जाता एक. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासनाने ठरवला. निर्णय उत्तम आहे. त्यामुळे एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर आईचे नाव नावामध्ये नाही आणि धाकटीच्या दाखल्यावर आहे, असे होणार. त्यावरून थोरल्याचा दाखला बदलून मागणारे पालक भेटतात. तशी गरज नाही. भावाबहिणींच्या दाखल्यांची मांडणी सारखी नसेल तर त्यांची नाती संशयास्पद मानू नयेत, एवढे एक परिपत्रक शाळांना आणि पासपोर्ट कार्यालयांना गेले तरी पुरे.

शेवटी खिडकीवरच्या प्रत्यक्ष व्यवहाराबद्दल. लेखनिकी चूक असेल तर निबंधकाने स्वतः खात्री करून ती दुरुस्त करायची आणि चूक आशयाची असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन घ्यायचे, अशी नियमांची रचना आहे. त्यात वकील लागत नाही आणि एजंट तर नाहीच नाही. प्रत्यक्षात अर्जदाराला ‘होत नाही’, ‘कोर्टातून आणा’, ‘वरून बंद आहे’ असे तोंडी सांगितले जाते. २०२३च्या दुरुस्तीने कलम २५-अ घालून निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करण्याची सोय केली आणि ते नव्वद दिवसांत निकाली काढण्याचे बंधन घातले. पण तोंडी नकाराला ना दिनांक असतो, ना सही, ना कारण. अपील कशाच्या आधारावर करायचे? आरोग्य विभागाने आणि नगरविकास विभागाने सर्व निबंधकांना एवढेच बजावावे, की दुरुस्तीचा प्रत्येक अर्ज आवक क्रमांक देऊन घ्यावा आणि तो नाकारायचा असेल तर कोणत्या कलमाखाली व कोणता कागद अपुरा म्हणून, हे लिहून, सही करून अर्जदाराच्या हाती द्यावे. ग्रामपंचायतींतही हाच नियम लागावा, कारण तिथे निबंधक म्हणून काम पाहणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) अनेकदा एकाहून अधिक गावे असतात आणि तो भेटेपर्यंतच अर्जदाराची निम्मी उमेद संपलेली असते.

आपला,
एक निवृत्त नगरपरिषद कर्मचारी,
सातारा